स्कुबातलं लिंकिंग

मा. संपादक, स.न.वि.वि.

दर खरिपाला तुमच्या पेपरात लिंकिंगच्या बातम्या येतात. युरिया पाहिजे का, मग सोबत हे पाकीट घ्या, ती बाटली घ्या, नाहीतर माल संपला. त्या बाटलीत काय आहे ते शेतकऱ्याला माहीत नसते, दुकानदारालाही धड माहीत नसते, पण युरियावाचून अडलेलं असते म्हणून माणूस मुकाट्यानं घेते. हेच लिंकिंग पाण्याखाली पण चालते, स्कुबा डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली जायच्या शिकवणीत. मी यात फसलेलं गिऱ्हाईक नाही बरं का, मी विकणारा होतो. सहा वर्षं.

मी पवनी तालुक्यातला, ढिवराचा पोरगा. आजा अन् बाप दोघंही वैनगंगेत जाळं टाकून जगले, अन् जाळं खाली कुठं खोडात अडकलं की श्वास रोखून जायचं अन् सोडवून आणायचं हे आमच्या घरी कोणी शिकवत नाही, येतेच ते. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींनी केली, पुढं पाणी अडलं, गावं उठली, नदीचा समुद्र झाला. आता त्याच पाण्यावर जलपर्यटन येणार म्हणून वाचतो, बोटी येणार, वॉटर स्पोर्ट्स येणार, स्थानिकांना रोजगार मिळणार. येवो बाप्पा. पण त्या बातम्या वाचून इकडचे पोट्टे आतापासूनच मला विचारून राहिले, भाऊ स्कुबाचा कोर्स कुठं करू, किती लागते, पूर्ण सेट विकत घ्यावा लागते का. या शेवटच्या प्रश्नासाठी हे पत्र आहे.

मी शिकलो ते समुद्रावर. एका डायव्हिंग सेंटरला आधी सिलिंडर उचलायला हेल्पर म्हणून लागलो, मग डाइव्हमास्टर, म्हणजे शिकवणाऱ्याच्या हाताखालचा, झालो, मग इन्स्ट्रक्टर, म्हणजे स्वतः शिकवणारा. सेंटरचं नाव लिहीत नाही, मालक माणूस म्हणून वाईट नव्हता अन् माझा फोन अजून उचलतो. पगार जेमतेम, खोलीभाडं अन् मेस गेली की हातात काही उरत नव्हतं, बाकी सगळं कमिशनवर, अन् ते कमिशन शिकवण्याचं नाही, सामान विकण्याचं. महिन्याला टारगेट राहायचं, इतके मास्क, म्हणजे डोळे-नाक झाकणारी काच, इतके फिन्स, म्हणजे पायात घालायचे पंखे, निदान एक डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली अन् वेळ दाखवणारं मनगटावरचं यंत्र, सीझनमध्ये दोन पूर्ण सेट. रात्री बोट धुऊन झाली की मालक वही काढायचा अन् कोणी किती विकलं ते सगळ्यांसमोर वाचायचा. कोणाचा विद्यार्थी कसा शिकला यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता.

विकायची पद्धत सांगतो, कारण ती माहीत असली की माणूस सावध राहते. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात एक गोष्ट करून घेतात, मास्कमध्ये पाणी येऊ द्यायचं अन् नाकानं फुंकून ते बाहेर काढायचं. नवख्याला हेच सगळ्यात भारी जाते. नाकात पाणी शिरलं की माणूस धडपडत उभा राहते, डोळे लाल, खोकला, कोणाकोणाला तर रडू येते. आम्हाला सांगून ठेवलेलं होतं की नेमकं तेव्हाच बोलायचं. पाठीवर हात ठेवायचा अन् म्हणायचं, भाड्याच्या मास्कचं असंच राहते हो, शंभर जणांच्या तोंडावर जाऊन आलेला आहे तो, स्वतःचा असता तर इतका त्रास नसता झाला. आता खरी गोष्ट अशी की तिथं पाणी मुद्दाम भरायला लावतात, मास्क हजाराचा असो का पाच हजाराचा, पाणी तेवढंच. पण घाबरलेला माणूस कुठं हिशोब करत बसते. संध्याकाळी तो दुकानात यायचाच.

रेग्युलेटरसाठी दुसरं वाक्य होतं. हे लाइफ सपोर्ट आहे, तुमच्या जीवाची किंमत किती? यावर कोण काय बोलणार. पण रेग्युलेटर म्हणजे काय तर सिलिंडरमधली २०० बार दाबाची हवा दोन टप्प्यांत कमी करून तुम्ही ज्या खोलीवर आहात तिथल्या पाण्याच्या दाबाएवढी तोंडात देणारं यंत्र, अन् त्याची सर्व्हिसिंग सहसा वर्षातून एकदा करतात, उघडून साफ करतात, आतले रबराचे गोल रिंग बदलतात. सेंटरचं भाड्याचं रेग्युलेटर रोज पाण्यात जाते, रोज गोड्या पाण्यानं धुतलं जाते, जरासं बिघडलं तरी त्याच दिवशी कोणाच्या तरी ध्यानात येते. विकत घेऊन घरी नेलेलं वर्षात चार दिवस वापरात येते अन् बाकीचं वर्ष पेटीत सुकत पडते. म्हणजे नीट ठेवलेलं भाड्याचं हे पेटीत सडणाऱ्या स्वतःच्यापेक्षा कितीतरी बरं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या पोराचं सांगतो. मे महिन्याचा शेवट होता, पाऊस तोंडावर, किनाऱ्यावरचं डायव्हिंग पावसाळ्यात बंद राहते त्यामुळं मालकाला दुकानातला माल काढायची घाई. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला पोरगा कोर्सला आला, बावीस-तेवीसचा, पोहणं चांगलं, विहिरीत शिकलेला. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाला, "सर, तुमी इकडले नाई वाटत." मी म्हटलं भंडाऱ्याकडचा. झालं, तेव्हापासून सरचं दादा झालं. मालकानं हे पाहिलं अन् मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या गावाकडचा आहे ना, मग तूच क्लोज कर, म्हणजे सेट विकून टाक.

त्याच्या डोक्यात कोणीतरी भरवून दिलं होतं की स्कुबाचं कार्ड मिळालं की समुद्रातल्या तेलाच्या कंपनीत डायव्हरची नोकरी पक्की. नसते ती. ओपन वॉटरचं, म्हणजे या पहिल्या कोर्सचं कार्ड हे हौसेच्या डायव्हिंगचं आहे, १८ मीटरपर्यंत जोडीदाराला धरून जायचं. तेलाच्या कामावर जातात ते कमर्शियल डायव्हर, त्यांचं ट्रेनिंगच वेगळं, त्यांना हवा सहसा वरून नळीनं मिळते, खाली वेल्डिंग-कटिंग करावं लागते, त्या कामाला आमचं हौसेचं कार्ड चालत नाही. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सेट गेला नसता.

सेट ८६ हजारांचा विकला. त्यातलं जॅकेट, म्हणजे ज्यात हवा भरून-सोडून पाण्यात वरखाली होतात ते, दोन वर्षं दुकानात लटकून होतं, कोणी घेत नव्हतं. इथंच ते खताचं लिंकिंग आठवते, जो माल हलत नाही तोच सोबत देतात. पोरानं काही पैसे स्वतःजवळचे दिले, बाकी बापानं पऱ्हाटीच्या पैशातून पाठवले. मला म्हणाला, "दादा, तुमी सांगता तं घेतोच, आपला माणूस काऊन खोटं बोलन."

आता पुढचं नीट वाचा. भाड्याच्या जॅकेटला डाव्या खांद्यावरून एक नळी लोंबते, टोकाला दोन बटणं, एक हवा भरायचं एक सोडायचं, अन् हवा सोडताना ती नळी हातानं वर उचलून धरायची असते म्हणजे हवा वर जाऊन सुटते. तीन दिवस त्याला हेच शिकवलं, नळी वर, बटण दाब, नळी वर, बटण दाब. नव्या जॅकेटला नळीच नव्हती. डाव्या कमरेजवळ एक खटका, वर ओढला की हवा भरते, खाली दाबला की सुटते. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं हौसेनं नवा सेट घातला. त्याला खटका समजावून सांगितला मी, दोनदा, पण बोटीवर, घाईत. खरं तर उथळ पाण्यात तासभर घोटून घ्यायला पाहिजे होतं, अन् तो तास आदल्या संध्याकाळी दुकानात कॉम्प्युटर दाखवण्यात गेला.

नऊ मीटरवर होतो. तो जरासा वर उचलल्या गेला, तसं नवख्याचं होतेच. त्यानं शिकवल्याप्रमाणे केलं, हवा सोडायची म्हणून हात वर नेला. अन् हाताशी खटका होता. खटका वर गेला, जॅकेट फुगलं, तो आणखी वर गेला, घाबरून आणखी ओढला. मी पाय धरायला झेपावलो तर फिनचं टोक फक्त हातात आलं अन् सुटलं. बुडबुड्यांच्या पुढं तो वर जाताना मला दिसत होता. नऊ मीटरवर छातीत घेतलेली हवा वर येईपर्यंत जवळपास दुप्पट होते, अन् त्या वेळी ज्यानं श्वास रोखला त्याची फुप्फुसं फाटू शकतात, हे काही पुस्तकी भेव नाही, म्हणून तर श्वास कधीच रोखू नका हा पहिला नियम आहे. अन् हा विहिरीत शिकलेला, लहानपणापासून पाण्यात श्वास रोखायचीच सवय असलेला.

त्यानं रोखला नाही. वर जाता जाता तोंडातून "आऽऽ" करत गेला, ते तेवढं मी चांगलं घोटून घेतलं होतं त्याच्याकडून. वर आला तर नाकातून थोडं रक्त, तोंड पांढरंफटक. बोटीवर तासभर ऑक्सिजन दिला, किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरला दाखवलं, काही निघालं नाही. पुन्हा पाण्यात मात्र उतरला नाही, कोर्सची शेवटची डाइव्ह राहूनच गेली, कार्ड मिळालं नाही. अन् विकलेला माल परत घेत नाही असं पावतीवर छापलेलं होतंच.

ऑक्सिजनवरून आठवलं, तुमच्या वार्ताहरांना एक सांगा. बुडालेल्या माणसाच्या शोधाची बातमी आली की "पाणबुडे ऑक्सिजन सिलिंडर लावून उतरले" असं छापून येते. पाठीवर असते ती साधी हवा असते, आपण घेतो तीच, गाळून दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन साधारण सहा मीटरच्या खाली गेलं तर झटके यायचा धोका राहते, पाण्यात झटका म्हणजे खेळ खलास. बोटीवर पेटीत असते तो खरा ऑक्सिजन, तो वर आल्यावर द्यायचा. लहान गोष्ट वाटते पण मला आमच्याच गावातल्या एकानं विचारलं होतं की दवाखान्यातला सिलिंडर लावून मासे पाहता येतील का.

८,६०० रुपये कमिशन जुलैमध्ये खात्यात आलं, मी पावसाळ्याचा घरी आलो होतो, रोवणी सुरू होती, बायांची मजुरी त्यातूनच दिली. पुढच्या सीझनला गेलो नाही. दिवाळीनंतर त्या पोराच्या घरी जाऊन आलो, फोन करून गेलो, माफी मागायला म्हणा की आणखी कशाला. बापानं चहा पाजला, काही बोलले नाही, ते न बोलणं जास्त लागलं. रेग्युलेटर कापसाच्या खोलीत खुंटीला होतं, फवारणीच्या पंपाच्या बाजूला, अन् उंदरांनी एक नळी पार आतल्या धाग्यांपर्यंत कुरतडलेली. जॅकेट आई धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून वापरत होती. पोरगा आता कुठंतरी कंपनीत कामाला आहे, माझ्याशी चांगलं बोलला, तेही लागलं.

आता दुसऱ्या बाजूनंही बोलायला पाहिजे. सेंटरवाले सगळे चोर आहेत असं मला म्हणायचं नाही. बोटीचं डिझेल, कॉम्प्रेसर, चार महिने धंदा बंद, अन् आपले लोकं कोर्सच्या फीसाठी अशी घासाघीस करतात की जशी भाजी घेऊन राहिले. मग मालक फी पाडते अन् ते नुकसान सामानावर भरून काढते, म्हणजे शिकवणी झाली आमिष अन् खरा धंदा झाला दुकान. हे काही आपल्याकडचंच नाही. पॅडी नावाची जगातली मोठी संस्था १९६६ मध्ये अमेरिकेत दोघांनी सुरू केली, राल्फ एरिक्सन पोहणं शिकवणारे होते अन् जॉन क्रोनिन डायव्हिंगचं सामान विकणारे सेल्समन. दोन्ही कामं जन्मापासून एका घरात आहेत, अन् सामान लागतेच, कोणीतरी विकणारच. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या हातात विद्यार्थ्याचा जीव आहे त्याचं पोट त्याच विद्यार्थ्याच्या खरेदीवर ठेवू नका. फी पाच हजारानं वाढवा अन् इन्स्ट्रक्टरला सरळ पगार द्या.

पोट्ट्यांनो, घ्यायचं असेल तर मास्क घ्या, तोंडाला बसणारा. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलका श्वास आत ओढायचा अन् हात सोडायचा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा पाहा, मग तो कितीही भारीतला असो. मिशी असली की जरा गळते, ते मास्कवर ढकलू नका. बाकीचं सगळं कोर्समध्ये सेंटरनं द्यायचं, पूर्ण सेट स्वतःचा पाहिजे अशी ओपन वॉटरला अट नाही. पैसे भरायच्या आधी लिहून घ्या की फीमध्ये काय काय आलं. वीस-पंचवीस डाइव्ह होऊ द्या, मग तुम्हालाच कळते की काय पाहिजे. अन् शिसं तर कधीच विकत घेऊ नका, कमरेला बांधायच्या वजनाचा भाव ऐकून माझा बाप इतका हसला, म्हणाला आपल्या जाळ्याला काय सोनं लावतो का आपण.

सिलिंडर तर मुळीच नको. गावातल्या एकानं जुना सिलिंडर स्वस्तात आणला अन् मला विचारते, पंक्चरवाल्याकडून भरून आणू का? टायरचा कॉम्प्रेसर देऊन देऊन आठ-दहा बार देते, इथं २०० लागतात. अन् दुसरं म्हणजे त्या हवेत तेलाची वाफ राहते, जवळ इंजिन चालू असलं तर धूर ओढल्या जाते, अन् ती हवा खाली दाबानं छातीत गेली की वर थोडीशी वाटणारी गोष्टही खाली जीव घेते. सिलिंडरचे नियम पाहणारं पेसोचं देशाचं मुख्य ऑफिस आपल्या नागपुरातच आहे, गॅस सिलिंडर नियम २०१६ चे तिथूनच चालतात, अन् आपण पंक्चरच्या दुकानात.

कायद्याचं म्हणाल तर एक सेवा पाहिजे असेल तर दुसरी वस्तू घ्यावीच लागेल अशी अट घालणं, यावर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार करता येते. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा फोन आहे, अन् जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पण खरं सांगू, आमच्या सेंटरवर अशी अट आम्ही कोणाला कधी घातलीच नाही. आम्ही फक्त घाबरवत होतो, अन् घाबरवल्याची पावती मिळत नाही.

गोसेखुर्दच्या प्रकल्पाबद्दल मला भेव आहे ते याचंच. योजना आली की आपल्याकडं आधी सामान येते, शिकवणारा मागून येते किंवा येतच नाही. दोनशे सेटचं टेंडर निघेल, पोट्ट्यांना आठ दिवसांचं शिबिर होईल, फोटो निघतील, अन् दोन वर्षांनी रेग्युलेटर तहसीलच्या खोलीत. वर आपलं पाणी काय समुद्रासारखं आहे का? पावसाळ्यात वैनगंगेत आपलाच हात आपल्याला दिसत नाही, तीस हजाराचा कॉम्प्युटर मनगटावर असून वाचता येत नाही. खाली बुडालेल्या बाभळी, तुटलेली जाळी, जुन्या घरांच्या भिंती. तिथं लागते ती दोरी, दोरी धरून वर बसलेला भरवशाचा माणूस, जाळं कापायला चांगला चाकू, अन् अंधारात न घाबरता हातानं चाचपायची सवय. माझा बाप विळा कमरेला खोचून जायचा. गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा वजनही कमी बांधावं लागते, समुद्रावर शिकून आलेला पोरगा इथं तेवढंच शिसं बांधून उतरला तर दगडासारखा जाईल, हे शिबिराच्या आधी कोणीतरी त्याला सांगितलं पाहिजे. सांगणारे आमच्याच ढिवर मोहल्ल्यात बसले आहेत, पण त्यांच्याकडं विकायला काही नाही म्हणून त्यांना कोणी बोलावत नाही.

माझ्याकडं चार मास्क आहेत, चार वेगवेगळ्या आकाराचे, मी वापरलेले. कोर्सला जायचा विचार असेल त्यानं बाजाराच्या दिवशी पवनीला यावं, ढिवर मोहल्ल्यात पाणबुड्याचं घर विचारलं की कोणीही दाखवते, लावून पाहावे, श्वास ओढून पाहावा, कोणता आकार आपल्या तोंडाला बसते ते ध्यानात ठेवून जावं. मास्क विकायचे नाहीत.

आपला,
एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा
(नाव छापू नये ही विनंती, मालकाचा फोन येईल.)